वाळूवरची ताडपत्री

कोचबाईंना आता घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याचा अर्थ नवरा-बायको दोघांनाही कळला होता. बोललं मात्र कुणीच नव्हतं. त्याऐवजी दोघं वाळूबद्दल बोलत.

वसाहतीच्या सिमेंटच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळून पोरींचे गुडघे फुटत. तिथे खोदून, धुतलेली वाळू बाहेरून आणून खेळायला मैदान करायचं, हा बाईंचा जुना ध्यास. आता उठवत नव्हतं, म्हणून वसाहतीच्या बैठकीत प्रस्ताव मांडायला त्यांचे यजमान, बाइंडरकाका निघाले. जन्मभर पुस्तकं बांधली, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की काका मागच्या रांगेत सरकायचे.

"मांजरांचं कुणीतरी काढणारच," बाईंनी पढवलं. "म्हणायचं, रात्री ताडपत्री घालू. म्हणा बघू."

काकांनी पुन्हापुन्हा म्हणून दाखवलं.

बैठकीत प्रस्ताव वाचून झाला आणि अध्यक्ष म्हणाले, "वा! म्हणजे मांजरांना सार्वजनिक संडास!"

सगळे खदखदून हसले. भिडेखातर काकाही हसले. तेवढ्यात प्रस्ताव बारगळला आणि पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. ताडपत्री काकांना आठवली ती दाराशी, चपला घालताना. परत आत जायला पाय उचलला नाही.

"काय झालं हो?" बाईंनी अंथरुणातून विचारलं.

"मंजूर झालं," काका पाण्याच्या तांब्याकडे बघत म्हणाले.

"मांजरांचं काढलं?"

"काढलं ना. अध्यक्षांनीच."

"मग?"

"सांगितलं की. ताडपत्री."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. खाली खडी हवी, पाणी निचरायला. कडेला रबर, पोरी आपटतात. रोज दंताळं फिरवायचं, नाहीतर जाळीपाशी खड्डे पडतात. काका प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले. बाईंना धाप लागली, तशी काकांनी उशी उंच केली.

"म्हणा बघू आता."

"ताडपत्री," काका घाईने म्हणाले. "खडी. रबर. दंताळं."

"हं. पुढच्या बैठकीत असंच म्हणा." बाईंनी डोळे मिटले. "आणि कुणी हसलं, तरी तुम्ही हसू नका."

काकांनी मान हलवली. मिटल्या डोळ्यांना ती दिसणार नाही हे लक्षात आलं, तेव्हा घसा खाकरून ते मोठ्याने म्हणाले, "नाही हसणार."