सोडलेला चेंडू

रादामेसला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, यात काहीतरी काळंबेरं आहे. बानीच्या बेसबॉल संघाकडे पैशांचा खडखडाट. मालकानं दोन नावाजलेले फलंदाज सोडून दिले आणि त्यांच्या जागी घेतलं कुणाला, तर गुडघ्यातून गेलेल्या, चाळिशीला टेकलेल्या रादामेसला! का? तर राजधानीतून आलेला तो खेळाडूंचे आकडे मांडणारा पोरगा लेओनिदास म्हणाला म्हणून. त्यानं स्वतः जन्मात बॅट धरली नव्हती.

"तुला हरायला घेतलंय," गोलंदाज बियेनवेनिदो तळलेली केळी चघळत म्हणाला. "हरलो की मालक संघ विकून मोकळा. आणि बोंब कुणाच्या नावानं? तुझ्या!"

रादामेसला ते पटलं. चार वाईट चेंडू सोडले की पहिली बेस फुकट मिळते. त्याचं आयुष्य असल्या फुकटच्या बेसवरच गेलेलं, आणि त्यासाठी कुणी कधी टाळी वाजवली नव्हती. इथं पोरांना एकच शिकवतात, मार! नुसत्या उभ्या राहणाऱ्याला अमेरिकेतल्या संघात कोण नेतो? या हंगामानंतर कुणी ठेवून घेतलं नाही, तर मोटरसायकलवरून गिऱ्हाइकं वाहायची, बस्स.

शेवटचा रविवार. जिंकलं तर अंतिम फेरी. बरोबरी, शेवटचा डाव, तिन्ही बेसवर आपली माणसं, दोघं बाद. रादामेससमोर तीन चेंडू वाईट पडले, दोन चांगले. आणखी एक वाईट पडला की सगळे एकेक बेस पुढे, धाव आपोआप आत, सामना खिशात. तिसरा चांगला पडून सुटला की तो बाद, डाव बोंबलला.

त्यानं इशाऱ्यासाठी बाकाकडे पाहिलं. प्रशिक्षक गप्प. लेओनिदास तर चक्क बुटांकडे बघत बसलेला. हरामखोर! खापर माझ्यावरच फोडायचंय यांना.

"मार रे म्हाताऱ्या!" अख्खं मैदान ओरडलं.

चेंडू गुडघ्याशी आला. हात शिवशिवले. पण हा खाली जातोय, त्याला दिसलं. बॅट खांद्यावरच राहिली.

"वाईट!" पंच म्हणाला. तिसऱ्या बेसवरचा गडी नाचत घरच्या बेसवर आला, धाव झाली.

सगळे जल्लोषात, आणि रादामेस थेट लेओनिदासच्या अंगावर. "इशारा का नाही दिलास? मला तोंडावर पाडायचं होतं ना?"

"इशारा?" पोरगा गोंधळला. "दादा, वाईट चेंडू तुझ्याइतका या बेटावर कुणालाच ओळखता येत नाही. सगळे आकडे तेच सांगतात. आम्ही तुझी नजर घेतलीय. तिला मी काय इशारा देणार?"

"मग इतक्या स्वस्तात कसा मिळालो?"

"तुझी नजर कुणी मोजलीच नव्हती."

तरी रादामेसनं विचारलंच, "मग बुटांकडे का बघत होतास?"

"घाबरलो होतो," लेओनिदास म्हणाला. "माझीही नोकरी त्याच चेंडूवर होती."