चोंबड्याची तपासणी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या जावयाला जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची: झिजलेल्या तारेची आणि सासऱ्यांच्या बाहुल्याची. तार निदान अपमान तरी करत नाही.

सासरे ओठ न हलवता बोलक्या बाहुल्याचे खेळ करायचे. बाहुल्याचं नाव चोंबड्या. डोकं लाकडाचं, पंजे लाकडाचे, मधला सगळा कापूस. जावई लग्नाचं विचारायला पहिल्यांदा घरी गेला, तेव्हा सासऱ्यांनी "या, बसा" म्हणत स्वतः खुर्ची पुढे केली होती, आणि त्यांच्या मांडीवरून चोंबड्या म्हणाला होता, "हाच का तो? फोटोत याला मान होती." घरचा नियम असा, की चोंबड्या बोलला त्याचा राग सासऱ्यांवर काढायचा नाही. चोंबड्यावर काढायला जावं, तर तो पेटीत झोपलेला असायचा.

मग सासऱ्यांना पार्किन्सन्स झाला. हाताला कंप आला, पावलं आखूड झाली, शर्टाची बटणं लावणं हा सकाळचा मुख्य कार्यक्रम झाला. चेहराही हळूहळू थिजला. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की या आजारात चेहऱ्यावर भाव उमटेनासे होतात, ओठ फारसे हलत नाहीत.

"यासाठी मी उभा जन्म आरशासमोर घालवला," सासरे म्हणाले, "आणि हे असं आयतं मिळतं?"

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. सासरे हसले की नाही, ते कळायला आता मार्ग नव्हता.

त्यांचा स्वतःचा आवाज इतका बारीक झाला, की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागे. गंमत म्हणजे चोंबड्याचा आवाज पोटातून जोर लावून काढायचा असल्यामुळे तो अजून खणखणीत होता. चालताना दार आलं की सासऱ्यांचे पाय जमिनीला खिळायचे. उंबऱ्यात खांब रोवल्यासारखे उभे. अशा वेळी काखेतला चोंबड्या ओरडायचा, "डावा! उजवा! दार काय आजच बघतोयस का रे म्हाताऱ्या?" आणि पाय सुटायचे. डॉक्टरीणबाईंना याचं नवल वाटलं नाही. ताल धरला, कुणी हाक दिली, की पुष्कळांचं अडकलेलं पाऊल उचलतं, त्या म्हणाल्या. बाहुला चालू ठेवा, व्यायाम चालू ठेवा, आणि गोळ्या वेळेवर. आजार जाणार नाही, पण त्याच्याबरोबर नांदता येईल.

सासूबाईंनी यातलं फक्त 'जाणार नाही' एवढंच ऐकलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात जावई एका लिफ्टमध्ये अडकला. ती त्यानंच दुरुस्त केलेली असल्यामुळे त्याला तक्रारही करता येईना. सोबत एक लहरतज्ज्ञ अडकले होते. हातात तांब्याचं कडं, आवाज मधासारखा. माणसाच्या शरीरातून लहरी निघतात, त्या वाकड्या झाल्या की हात थरथरतो, आपलं यंत्र त्या सरळ करतं, असं त्यांनी सांगितलं. अडकलेल्या लिफ्टमधून उठून जाता येत नाही. मदत येईपर्यंत जावयाचं मन वळलं होतं. सासूबाईंना वाटलं, आपला जावई साधं हॉटेलसुद्धा कधी सुचवत नाही, तो सांगतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार.

म्हणून हे तिघे आणि पेटीतला चोंबड्या लहरतज्ज्ञांच्या खोलीत बसले होते. मऊ गालिचा, प्लास्टिकचं झाड, भिंतीवर पाण्याच्या थेंबाचा मोठा फोटो. टेबलावर यंत्र. त्याच्या दोन चकचकीत पट्ट्यांवर तळहात ठेवायचे आणि निदान पडद्यावर उमटायचं.

"उपचार सोपा आहे," लहरतज्ज्ञ म्हणाले. "फक्त एक पथ्य. त्या गोळ्या आजपासून बंद. गोळ्या लहरी अडवतात."

सासूबाईंचा हात पर्सवर गेला. गोळ्यांची डबी आत होती. गेल्या हिवाळ्यात डबी घरी विसरून ती दोघं एका लग्नाला गेली होती, आणि परतताना सासऱ्यांना गाडीतून उचलून काढावं लागलं होतं. जावयानंच काढलं होतं. 'बंद' हा शब्द लिफ्टमध्ये कुणी उच्चारला नव्हता. तोंड उघडावं, तर आणलंय कुणी? आपणच. त्यानं गालिच्याकडे बघितलं.

"अगदीच बंद?" सासूबाईंनी विचारलं. "आणि मग हे बरे होतील?"

"पूर्ण."

सासूबाईंचे डोळे असे चमकले, की जावयाला गालिच्यातसुद्धा जागा उरली नाही.

सासरे काहीतरी पुटपुटले. कुणालाच ऐकू गेलं नाही. मग त्यांनी पेटी उघडली आणि चोंबड्याला मांडीवर घेतलं. हाताच्या कंपामुळे चोंबड्याही थरथरत होता, तापात असल्यासारखा.

"काय हो लहरी," चोंबड्या म्हणाला, "गोळी सोडली आणि हा म्हातारा वाटेत खिळला, तर उचलायला तुम्ही येणार का?"

"शंका घेतली की लहरी बिघडतात," लहरतज्ज्ञ चोंबड्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले. चोंबड्याशी बोलताना सगळ्यांचंच असं व्हायचं. "असे बरे झालेले लोक आहेत माझ्याकडे."

"मग त्यातला एक दाखवा. आम्ही थांबतो. बिस्किटं आहेत आमच्याकडे."

"आधी तपासणी करू या," लहरतज्ज्ञांनी घाईनं पडदा आपल्याकडे वळवला.

सासऱ्यांनी मोकळा हात पट्टीवर ठेवला. हात थरथरला, यंत्र ओरडलं. पुन्हा ठेवला, पुन्हा ओरडलं.

"हात स्थिर हवा," लहरतज्ज्ञ पडद्यामागून म्हणाले.

जावयानं मान वर केली. थरथर घालवणाऱ्या यंत्राला थरथर चालत नव्हती. हे म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टनं वर या, तिथं मेकॅनिक बसलाय, असं झालं.

 मग सासऱ्यांनी चोंबड्याचे दोन्ही लाकडी पंजे अलगद दोन पट्ट्यांवर टेकवले आणि स्वतः हात काढून घेतला. पंजे निश्चल. यंत्रानं गोड सूर काढला. जावयानं सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं काही म्हणजे काही नव्हतं. असा चेहरा कुठल्याही नटाला विकतसुद्धा मिळाला नसता.

"छान!" लहरतज्ज्ञ पडदा वाचू लागले. "पचन मंद. यकृत थकलेलं. लहानपणी कावीळ होऊन गेली असावी. गुडघ्यात वात. मन हळवं, पण कुणाला दाखवत नाही."

"शेवटचं खरं आहे," चोंबड्या म्हणाला. "पण गुडघे मला बसवलेलेच नाहीत."

लहरतज्ज्ञांनी पडद्यावरून डोकावून बघितलं. पट्ट्यांवर चोंबड्याचे पंजे होते.

"लाकडालासुद्धा," ते शेवटी म्हणाले, "लहरी असतात."

"मग गोळ्या मी सोडतो. नाहीतरी आजवर एकही घेतलेली नाही."

जावयाला हसू फुटणार होतं, तेवढ्यात त्याची नजर सासूबाईंकडे गेली आणि हसू तिथंच विरलं. त्यांचे डोळे भरले होते. सासऱ्यांनीही ते बघितलं. त्यांनी चोंबड्याला बाजूला ठेवलं, बायकोकडे वळले, छाती भरून श्वास घेतला आणि आपल्या खऱ्या आवाजात, एकेक शब्द वर ओढत म्हणाले, "तुला वाटलं, म्हणून मी आलो. पुन्हा काही ऐकलंस तर पुन्हा येईन. चालायचे व्यायाम सांग, गाणं सांग, सगळं करून बघेन. पण गोळी नाही सोडायची. ती आहे म्हणून तुझ्याबरोबर चालतोय."

एवढं बोलून ते दमले. चोंबड्यानं यातलं काही बोलायला सेकंदही लावला नसता. पण चोंबड्याकडून वदवायचं नाही, असंही काही असतं, हे जावयाला त्या दिवशी कळलं, आणि ज्या माणसाचा त्यानं इतकी वर्षं फक्त धसका घेतला होता, त्याच्यासाठी उठून उभं राहावंसं वाटलं.

सासूबाईंच्या पर्समधला गजर वाजला. त्यांनी डोळे पुसले, डबी काढली आणि गोळी सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली.

"जरा पाणी देता का?" त्या लहरतज्ज्ञांना म्हणाल्या. "साधंच द्या. लहरी नकोत."

निघताना मात्र गोळीचा गुण अजून यायचा होता. सासरे दारात आले आणि खिळले. चोंबड्या जावयाच्या हातात होता. सासऱ्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण आज त्यांनी सगळा आवाज बायकोवर खर्च केला होता. मागे लहरतज्ज्ञ, पुढे जिना, मध्ये सासरे.

जावयानं घसा खाकरला. चोंबड्याला वर धरलं. जावई झाल्यापासून त्यानं सासऱ्यांना कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती.

"डावा!" तो पोटातून किंचाळला. "उजवा! चल रे म्हाताऱ्या, दार काय आजच बघतोयस?"

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. सासऱ्यांचा डावा पाय सुटला. मग उजवा. दाराबाहेर येऊन ते थांबले, सावकाश वळले आणि त्या थिजलेल्या चेहऱ्यानं जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ओठ हलले, जावईबापू," ते पुटपुटले.