मी फक्त तिच्याच कानात बोललो

मी हेडफोन बोलतोय. खरं म्हणजे मी तोंड उघडू नये अशीच माझी करणी आहे. पण सांगितल्याशिवाय मनावरचं ओझं उतरायचं नाही.

या घरात मला आणलं ते शांततेसाठी. बाबा रुग्णालयात रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. आई बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे कपडे सैल-आखूड करून देते. आठ वर्षांची बिट्टी शाळेतून आली की टॅबवर गेमचे व्हिडिओ लावायची आणि आत बाबा दचकून उठायचे. म्हणून मी आलो, निळा, मऊ गाद्यांचा. पहिल्याच दिवशी बाबा सलग सहा तास झोपले आणि आईनं माझं कोण कौतुक केलं! मीही फुगलो.

आई बेफिकीर नव्हती हं. कापड सुईखाली सरकवता सरकवता ती मान वळवून पडद्यावर नजर टाकायची. रंगीत ठोकळ्यांची घरं, बागा, कोंबड्या. ना बंदूक, ना रक्त. आमची बघते ते अगदी साधं असतं, मी रोज बघते की, असं तिनं शेजारणीलाही सांगून टाकलं.

ती बघायची खरी. ऐकायचो मात्र मी.

व्हिडिओत खेळता खेळता बोलणारा, घरं बांधणारा तो दादा सुरुवातीला गोड बोलायचा. पाच-सात मिनिटं झाली की त्याच्या जिभेला हाड राहायचं नाही. सोबतच्यांना शिव्या काय, घाणेरडे विनोद काय! त्यांच्यातला एक जण अडखळत बोलायचा. त्याची नक्कल झाली की सगळे खो-खो हसायचे, आणि बिट्टीही. मला कसंनुसं व्हायचं, पण मी एक शब्द बाहेर सांडू दिला नाही. चांगला हेडफोन म्हणतात तो असाच ना! त्या चांगुलपणाची आज लाज वाटते.

टिल्लू हा बिट्टीचा चार वर्षांचा भाऊ. तो बोलायलाच उशिरा लागला, तेही अडखळत. एका दुपारी तो दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचा मनोरा रचून तिला बोलवायला आला. "ता-ता-ताई, ब-बघ."

बिट्टीनं मला एका कानावरून सरकवलं आणि थेट त्या दादाच्या सुरात म्हणाली, "ब-ब-बघ! आधी बोलायला शीक, नाहीतर तोंड बंद ठेव."

टिल्लूनं तोंड बंद ठेवलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढचा आठवडाभर. पाणी हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचा. मशीनच्या आवाजात आईला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा बिट्टीलाच रडू फुटलं. तो दादा बोलतो तसंच बोलले, म्हणाली.

"कुठला दादा?"

"तू रोज बघतेस ना, तोच."

आईनं मशीन थांबवलं, मला स्वतःच्या कानांवर चढवलं आणि अख्खा व्हिडिओ ऐकला. एकेक शब्द मलाच तिच्या कानात घालावा लागला. तिचे कान तापत गेले ते मला गाद्यांतून कळत होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. ती बिट्टीवर ओरडली नाही. "मी नुसतं बघत राहिले गं," एवढंच म्हणाली.

आता व्हिडिओ सगळ्यांना ऐकू जाईल असेच चालतात. झोप मोडली तर मोडू दे, असं बाबांनीच सांगितलंय. नवीन काही लावायचं तर आई आधी मधलीच दहा मिनिटं ऐकते, कारण सुरुवातीला सगळेच गोड असतात. मग बिट्टीला विचारते, हा हरला की कसा बोलतो गं? परवा बिट्टीनं एक व्हिडिओ आपणहून बंद केला. टिल्लूची माफी तर तिनं तीनदा मागितली. तो मान डोलावतो, बोलत नाही.

मी खिळ्याला लटकलेला असतो. हल्ली दुपारी टिल्लू स्टुलावर चढून मला काढतो. कशाला जोडतबिडत नाही, नुसताच कानांवर घालतो आणि मशीनमागे बसून बटणांची रांग लावत पुटपुटतो, "अ-अजून एक. ला-लाल हवं." मला घातलं की आपलं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही, अशी त्याची समजूत झालीय. हे त्यानं माझ्याकडूनच उचललं.

आई-बाबांनो, मला खुशाल विकत घ्या. फक्त पोरांच्या आधी एकदा तुमच्या कानांना लावा, हात जोडून सांगतो.

टिल्लू बोलू लागला की आईचा पाय मशीनवर थांबतो. तिला वळून बघायचं असतं. पण ती वळत नाही. आईला ऐकू जातंय हे कळलं, तर तो पुन्हा गप्प होईल.