खडकावरच्या दोन मशका

पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मी नांदेडला, माहेरी बाळंत झाले. तीन महिन्यांनी कुसुमला घेऊन नारायणगुड्याच्या घरी परतले, तर खिडकीतल्या फुटक्या बशीत ती वनस्पती तशीच टवटवीत. सिकंदराबादेतल्या कुणा मेमसाहेबानं बंगला सोडताना टाकून दिलेली, बोटभर उंचीची, जाड पानांची. ह्यांनी तिला घोटभरही पाणी दिलं नव्हतं. चिमूटभर मातीवर ती नुसती पसरत सुटली होती.

ह्यांच्या सरकारी महकम्यात तोवर सगळं बदललं होतं. उर्दू फायली मिटल्या, इंग्रजी उघडल्या, आणि धारवाडकडचे हणमंतराव साहेब म्हणून आले. कचेरीसमोरचा उघडाबोडका खडक त्यांना बघवेना. जुन्या कारकुनांपैकी कुणाला ठेवायचं, ती यादी त्यांच्याच टेबलावर. बागेचं काम ह्यांच्याकडे. खडक हिरवा झाला तर तुम्ही कायम, नाहीतर घरी, असं ह्यांना सांगून झालं.

मार्गशीर्षात गवत लावलं, जळलं. संक्रांतीला पुन्हा लावलं, पुन्हा जळलं. मग मी बशी पुढे केली. खडकाच्या भेगांत वाळू-खडी भरून तुकडे खोचायचे आणि पाणी मुळीच घालायचं नाही, असं बजावलं.

पण गवतासाठी रोज दोन कातडी मशका भरून पाणी मंजूर होतं. ते बंद करू का, म्हणून हे विचारायला गेले.

"एकनाथराव, मंजूर पाणी एकदा सोडलं तर पुन्हा मिळतं का?" साहेब म्हणाले. "आणि पाणी नाही ती बाग कसली?"

पंधरवड्यात निम्मी रोपं कुजून चिकट झाली. कचेरीतून आले की हे कुसुमला मांडीवर घेऊन नुसते बसून राहत. ती मात्र त्यांच्या शर्टाच्या गुंड्या ओढत खुदुखुदु हसायची.

शेवटी मी त्या मशका आणणाऱ्या चाँदभाई भिश्तीलाच गाठलं. आमचं घर कचेरीच्या पाठीमागेच. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली.

"हुकूम पानी लाने का है, बाई," तो म्हणाला. "किधर डालना, कागज पे लिखेच नै."

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही मशका आमच्या मोरीत रित्या होऊ लागल्या. कुसुमची दुपटी इतकी पांढरी आजवर निघाली नव्हती. शेजारच्या तारामतीबाईही घागर लावू लागल्या. साहेब खिडकीत दिसले की चाँदभाई खडकावर जाऊन रिकामी मशक झटकायचा, तेवढंच.

ऐन ज्येष्ठात खडक हिरवागार झाला, वर बारीक पिवळी फुलं. साहेबांनी वरच्या साहेबांना आणून दाखवला, आणि हा सगळा नियमित पाण्याचा गुण, असं इंग्रजीत समजावलं. हे मागे उभे राहून मान डोलवत होते.

आठवड्यात हुकूम आला. हे कायम झाले. शिवाय खडकाची प्रगती पाहून तिसरी मशक मंजूर.

आता ह्या तिसरीचं काय करायचं, म्हणून हे धावत घरी आले, तेव्हा कुसुम परातीतल्या पाण्यावर दोन्ही हातांनी थपाथप मारत होती. मी त्यांना माळ्यावरचं मोठं घंगाळ काढायला सांगितलं.