चार गोल

बाबांनी चाळीस वर्षं जनावरांचे पाय तपासले आणि प्रत्येक कार्डावर एकच शब्द लिहिला : लंगडते. कोणता पाय, किती, कसल्या जमिनीवर, काही नाही. विचारलं की म्हणायचे, "माझ्या डोक्यात आहे ना सगळं!"

डोकं काय मी कपाटात लावून ठेवू?

शेवटी मीच नवं कार्ड छापून घेतलं. चार खुरांचे चार गोल, वर पुढचे दोन, खाली मागचे दोन. "दुखऱ्या पायावर फुली मारा, बाबा. एवढं तरी!" बाबांनी चांदीच्या कार्डावर फुली मारली आणि दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले.

चांदी म्हणजे पाण्याचे कॅन पोचवणाऱ्या मावशींची घोडी. फुली पुढच्या डाव्या गोलावर होती. मी डावा खूर तासला, शेकला, पट्टी बांधली. चिमट्याने दाबला तर ती अंग चोरायची. पण चांदी चिमटा नुसता पाहूनच अंग चोरते. तीन आठवडे झाले, लंगडणं तसंच.

"डॉक्टरीणबाई, उद्या तो जनावरं विकत घेणारा माणूस येतोय," मावशी म्हणाल्या. "पाय धड झाला तर ठेवीन, नाहीतर देऊन टाकीन. तो कुठे नेतो, ते मला विचारू नका." आणि चांदीच्या आयाळीतल्या गाठी सोडवत बसल्या. जिला द्यायची, तिच्या गाठी कशाला सोडवायच्या?

तेवढ्यात काळा चष्मा लावून बाबा दारात हजर.

"तुम्हाला पडून राहायला सांगितलंय ना?"

"पडून पाठ मोडली. घोडीला पळवून पाहिलीस?"

"तुमच्या या अंगणातल्या वाळूत काय दिसणार?"

"मग फरशीच्या गल्लीत ने की. हेही मीच सांगायचं?"

दात-ओठ खात मी चांदीला गल्लीत पळवली. बाबा आमच्याकडे पाठ करून भिंतीला टेकले. फरशीवर खूर बोलू लागले : ठक्, टप्. ठक्, टप्. जात्यावरच्या गाण्यात एखादीचा गळा दाटून यावा, तसा एक ठोका दर वेळी हलका पडत होता.

"दुखरा पाय जपून टेकते. बघ, हलका कोणता?"

मी पाहिलं. उजवा.

"अहो, फुली डाव्यावर मारलीत तुम्ही!"

"मी? दाखव."

त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि सवयीने घोडीच्या समोर, कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. त्यांची फुली बरोबर चांदीच्या उजव्या खुरासमोर होती. मी कायम शेपटीमागून चालणं पाहते. कार्डही तसंच वाचलं. घोडी समोरून पाहायची की मागून, हे छापायलाच मी विसरले होते. आणि मी बाबांना शिकवायला निघाले होते! आता राग काढू कुणावर?

उजवा खूर कोरला. नखाएवढ्या भोकातून काळा, घाण वासाचा पू भळकन आला. चांदीने लांब सुस्कारा टाकला. घटकाभराने उजवा पाय टेकला, आणि मग त्यावर भार दिला.

मावशींनी तिथल्या तिथे फोन लावला. "येऊ नका. नाही म्हणजे नाही." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "तीन आठवडे डाव्याचे लाड केलेत, तो आता फुगून बसेल!"

आत जाऊन पाहते तर बाबा कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यावर वाकलेले. एका डोळ्याने, निळ्या पेनाने, प्रत्येक कार्डावर पुढच्या गोलांच्या वर समोरून दिसणारं तोंड काढत होते, दोन डोळे, दोन कान.

"बाबा, डोळ्याला ताण देऊ नका! आणि हे कान गाढवाचे झालेत."

"चालतील," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला कळले म्हणजे झालं."