दीड बोट खाली

मूर्तीचा उजवा हात राजकुमारच्या हातात आला, तेव्हा वर ड्रोन फिरत होता आणि खाली सगळं गाव पाहत होतं.

नवी बुद्धमूर्ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होती आणि तिच्या शेजारी राजकुमार उभा होता. चित्रीकरणात दोर दिसू नयेत म्हणून मूर्तीला बांधलेले दोर त्यानेच सोडायला लावले होते. मग तोल सांभाळायला त्याने मूर्तीचाच हात धरला. भिऊ नका असं सांगणारा, वर उचललेला तो हात. तो याने स्वतः पडू नये म्हणून धरला होता. शाळेसमोरच्या गतिरोधकावर ट्रॉली उडाली, राजकुमार मागे गेला, मूर्ती जागेवर राहिली आणि जिल्हा परिषदेचा हा भावी उमेदवार मनगटापासून तुटलेला हात छातीशी धरून फळीवर बसता झाला.

विहाराच्या दारात उभ्या असलेल्या समताने हे पाहिलं. ती बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत चौदा वर्षं काम करत होती. असं मागे पडणाऱ्या माणसाचं स्वतःचं मनगट मोडतं, हा तिचा अनुभव. राजकुमारचं काहीच मोडलं नव्हतं. अशा माणसांचं सहसा दुसऱ्याचंच मोडतं.

तिला नवी मूर्ती पाहायची हौस नव्हती. ती आली होती जुन्या मूर्तीसाठी. विहारातली जुनी मूर्ती तिच्या वडिलांनी, किसनराव गवंड्यांनी, एकतीस वर्षांपूर्वी केली होती. भिंती बांधणाऱ्या माणसाने कॅलेंडरवरचं चित्र पाहून, ओट्यातच सळया रोवून सिमेंटची घडवलेली ती मूर्ती. डावा खांदा खाली आलेला. गाव तिला ‘किसनचा बुद्ध’ म्हणायचं आणि म्हणताना थोडं हसायचं. ती ओट्यात जाम बसलेली, म्हणजे काढायची तर फोडावीच लागणार. आणि फोडायचं काम किसनरावांनी स्वतःकडे मागून घेतलं होतं. छिन्नी-हातोडा घेऊन ते सकाळपासून ओट्याशी बसले होते.

“बाबा, तुमी काऊन?” तिने सकाळीच विचारलं होतं.

“मंग कोणी फोडावं? दुसऱ्याच्या हातानं काऊन फोडू देऊ?” म्हातारा म्हणाला. “वाकडी आहे ते वाकडीच आहे. आता संगमरवरी येऊन राह्यली. हिचं काम संपलं.”

ती संगमरवरी आता हाताविना दारात येऊन थांबली होती.

राजकुमार हा डोणगावच्या एका अडत्याचा मुलगा. पुण्यात शिकला, आठ दिवस जपान फिरून आला आणि गेली तीन वर्षं त्या आठ दिवसांवर व्याख्यानं देत होता. बुलढाण्यात वकिलांना, देऊळगाव राजात व्यापाऱ्यांना, मेहकरात बचत गटांना त्याने एकच भाषण दिलं होतं. उदाहरणातला फुटका कप कुठे वाटी व्हायचा, कुठे बशी, एवढाच फरक. मूर्तीचं दान त्याला निवडणुकीच्या आधी सुचलं, आणि निमंत्रणपत्रिकेवर ‘संगमरवरी’ हा शब्द त्याच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात छापला गेला.

दुसरा कोणी असता तर हात तुटल्यावर ओशाळला असता. राजकुमार ट्रॉलीत उठून उभा राहिला, कपडे झटकले आणि त्याने माइक मागितला.

“बंधू-भगिनींनो, आज जे झालं तो अपघात नाही, संकेत आहे,” तो म्हणाला. “जपानमध्ये भांडं फुटलं तर फेकत नाहीत. तडा सोन्याने भरतात. त्याला किंत्सुगी म्हणतात. तडा लपवायचा नाही, मिरवायचा! अपूर्णतेत सौंदर्य पाहायचं, त्याला वाबी-साबी म्हणतात. आणि हे कुठून आलं? झेनमधून. झेन कुठून आलं? बुद्धांकडून! म्हणजे ही तुमचीच गोष्ट जपानहून तुमच्याकडे परत आली आहे.”

टाळ्या पडल्या. समताला टाळ्यांचं नवल वाटलं नाही. आपलीच वस्तू परदेशातून परत आली असं सांगितलं, की माणसं आधी टाळी वाजवतात आणि मग वस्तू कुठली ते विचारतात.

महिला मंडळाच्या कलाबाईंनी मात्र हात पदरातच ठेवले. “राजूभाऊ, हात तुमच्याच हातानं तुटला नं? म्हंजे सौंदर्य भी तुमीच केलं म्हना.”

बायका हसल्या. राजकुमारही हसला; हसण्यात सामील होण्याचं प्रशिक्षण त्याने घेतलेलं होतं. “मावशी, अर्ध्या तासात सोनेरी रंगाने जोडून देतो. मूळ मूर्तीपेक्षा सुंदर दिसेल.”

तरीही विहाराची समिती कदाचित नको म्हणाली असती. पण रस्त्याच्या कडेला बैलांना पाणी दाखवून परतणारा मोतीराम पाटील थांबला होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो फक्त म्हणाला, “खंडित मूर्ती बसवत नसतात, बापा.”

झालं. समितीचे सचिव नागसेन सर ताठ झाले. ते माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत आणि चुकीचं उत्तर आलं की त्यांचा आवाज चढे. “मोतीरामभाऊ, ते तुमच्यात! आमच्यात खंडित-बिंडित काही नसते. मूर्तीत देव नाही, तं तो खंडित कसा होईन? उलट आता हीच बसवू. हीच बसली पाह्यजे!”

हात नसलेली मूर्ती नको म्हणावी तर ती अंधश्रद्धा ठरणार होती. पाच मिनिटांपूर्वी जी फसगत होती, ती एका वाक्यात तत्त्व झाली. समता सरांकडे पाहत राहिली. शहाण्या माणसाला फसवणं किती सोपं असतं! त्याच्या शहाणपणालाच पुढे करायचं.

“किसनराव, घ्या काढायला,” सर आत वळून म्हणाले.

किसनरावांनी छिन्नी उचलली.

“थांबा बाबा,” समता म्हणाली. “सर, जोडायचाच आहे नं हात? मले पाहू द्या. मोडलेले हात जोडाचंच तं काम करते मी.”

यावर नाही म्हणणं अवघड होतं. राजकुमारने मात्र हात लगेच सोडला नाही. “ताई, हे दगडाचं काम आहे. माझा माणूस करेल.”

“आना तं इकडं,” ती म्हणाली आणि तिने तो घेतला.

हातात घेताच तिला कळलं. आधी वजनावरून, मग तुटल्या कडेवरून. संगमरवर तुटला की आत साखरेच्या खड्यासारखे कण चमकतात. इथे चमक नव्हती. खडूसारखा मऊ, मेलेला पांढरा रंग आणि त्यातून बाहेर आलेले तागाचे चार धागे. हा पांढरा रंग ती रोज संध्याकाळी नखांतून काढत असे. वरून मात्र दगडाच्या शिरा रंगवून, चकचकीत लेप दिलेला होता. काम वाईट नव्हतं. खोटं होतं, एवढंच.

तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढली.

“ताई, पाणी नको लावू,” राजकुमार एकदम म्हणाला.

“काऊन? संगमरवराले पान्याचं काय भेव?”

तिने तुटलेल्या कडेवर थोडं पाणी ओतलं. ओघळ आला नाही. कडेने पाणी जागच्या जागी पिऊन टाकलं. तिने परत ओतलं, ते पण गेलं. मग तिने अंगठ्याच्या नखाने कडेवर रेघ ओढली आणि नखाखाली आलेला लगदा नागसेन सरांच्या तळहातावर पुसला.

“प्लास्टर आहे सर. आमच्या दवाखान्यात याचे डबे येतात.”

सरांनी तळहात नाकाशी नेला, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भाषणानंतर ट्रॉलीतून उतरवताना चार जणांनी मूर्ती हसतखेळत उचलली होती. ते चौघं आता एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना ती आपली ताकद वाटली होती.

“मलाही माहीत नव्हतं,” राजकुमार म्हणाला. “विकणाऱ्याने फसवलं.”

“मंग पानी नको काऊन म्हनाले?” कलाबाईंनी विचारलं.

राजकुमारने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आवाज खाली आणून, ठेवणीतल्या जिव्हाळ्याने म्हणाला, “मावशी, आपण बाह्य गोष्टीत अडकतो. दगड काय, प्लास्टर काय. क्षणभंगुरता हेच तर वाबी-साबी. स्वीकार करायला शिकलं पाहिजे.”

“शिकलो,” समता म्हणाली. “तडा लपवाचा नाही, मिरवाचा, असंच म्हनले नं तुमी? मंग सोनेरी रंग कशाले? हात असाच राहू द्या, शेजारी तुमची पाटी लावू. दान राजकुमार यांचं, मूर्ती प्लास्टरची, हात त्यांनीच तोडला. सगळी अपूर्णता एका जागी.”

“बोल बे आता!” गर्दीतून कोणीतरी ओरडलं, आणि जे हसू मघापासून दाबून ठेवलं होतं ते फुटलं.

राजकुमारला सगळ्या जगाची अपूर्णता स्वीकारता येत होती, पाटीवर लिहिलेली स्वतःची नाही. त्याने ड्रोनवाल्याला खूण केली आणि गाडीत बसण्यापूर्वी मूर्तीखाली लावायला आणलेली स्वतःच्या नावाची पाटी मागून घेतली. ती मात्र खऱ्या संगमरवराची होती. रात्री त्याने मिरवणुकीची चित्रफीत सगळ्यांना पाठवली. ती गतिरोधकाच्या अलीकडे संपत होती.

मूर्ती दारातच राहिली. आता हिचं काय करायचं, हा प्रश्न होता. परत पाठवा, कोणी म्हणालं. नदीत शिरवा, असं एक जण म्हणाला आणि सरांच्या नजरेने गप्प झाला.

ओट्यावरून किसनराव पहिल्यांदाच बोलले. “तिनं काय केलं बाप्पा? प्लास्टरची असनं काही पाप नाही. संगमरवरी म्हनलं, ते वाईट. वाचनालयात ठेवा. हात समता बसवून देईन.”

तसंच ठरलं. समताने ओल्या पट्टीने हात बसवून दिला, दवाखान्यात बसवते तसा. सोनं नाही, पांढऱ्यावर पांढरं. जोड दिसत होता. तो दिसावा म्हणून दिसत नव्हता, जोडला होता म्हणून दिसत होता.

पण नवा शब्द मिळालेला शिक्षक तो वापरल्याशिवाय घरी जात नाही. नागसेन सर जुन्या मूर्तीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. “किसनराव, खरं सांगू? खरी वाबी-साबी तं ही आहे! हा उतरता खांदा पाहा. काय सौंदर्य आहे!”

दोन तासांपूर्वी हेच सर हीच मूर्ती फोडायला सांगत होते. समताला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण बुलढाण्याहून येताना बसमध्ये तिने वडिलांना म्हणायला हेच वाक्य जुळवलं होतं, फक्त जपानी शब्द सोडून.

किसनराव छिन्नी पिशवीत टाकत होते. ते थांबले. “सर, तुमी बेरीज चुकवली तं मास्तर म्हनून तिले सौंदर्य म्हनतीन काय? खांदा उतरला, कारन सळई बारकी होती आन् मले अकल नव्हती. एकतीस वर्सं पाहून राह्यलो मी तो. वंदना करतानी माही नजर तिथंच जाते. वाकड्याले वाकडं म्हना. माही मस्करी नका करू.”

सर चपला शोधू लागले.

माणसं पांगली. बापलेक उरले.

“सिमेंट आहे काय वं कुठं?” किसनराव म्हणाले. “आज मूर्ती राह्यली, तं खांदा नीट करून टाकतो.”

समता नको म्हणणार होती. म्हणाली नाही. शाळेच्या बांधकामावरून तिने अर्धी बादली सिमेंट आणि रेती आणली, चाळली, कालवली. म्हाताऱ्याने आडवा दोरा धरायला लावला आणि खांद्यांतलं अंतर मोजलं. “दीड बोट,” तो म्हणाला, जणू एकतीस वर्षं त्याला आकडा माहीत नव्हता. जुना भाग छिन्नीने खरवडून, पाणी मारून तो थर चढवू लागला. वय चौऱ्याहत्तर, पण थापी सरळ चालत होती. खांदा वर आला, दोऱ्याला लागला. चिवराची घडीही त्याने बोटाने परत ओढली.

मग तो दारापर्यंत मागे गेला आणि पाहू लागला.

“मान मोडल्यावानी दिसते,” तो म्हणाला.

समताने पाहिलं. खरंच होतं. दोन्ही खांदे एका पातळीत होते आणि त्यांच्यावरचं डोकं एका बाजूला कललेलं होतं. दुखऱ्या मानेचा रोगी बसावा तसा बुद्ध बसला होता.

“काऊन असं झालं?”

म्हातारा जवळ आला, मूर्तीच्या मानेवर ओला हात ठेवला आणि एकदम स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. सिमेंट कपाळाला लागलं. “अरे! खांदा उतरला म्हनून मी मान तिकडं घेतली होती. तोल साधाले. आठोनच नाही राह्यली मले. एक चूक झाकाले दुसरी केली, आन् दोन्ही मिळून ते बसलं होतं!”

तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. समताने त्याला असं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

“मंग आता मान सरळ करान काय?”

“मान सरळ केली तं चेहरा फिरते. मंग नाक.” त्याने थापी उचलली आणि आताच चढवलेला ओला थर सपासप काढायला लागला. “राहू दे. आपला आहे तसाच बरा.”

“सुंदर म्हनू काय मंग?” तिने चिडवलं.

“सुंदर-बिंदर त्या राजूले सांग. हा बसला आहे नीट, बस.” थरातलं सिमेंट बादलीत पडत होतं. “पाहत काय राह्यली? पानी आन. घडीत बोट घालून काढ ते, वाळलं तं निघनार नाही.”

समताने पदर खोचला, ओट्यावर चढली आणि नखाने घडीतलं सिमेंट उकरू लागली.