बारावं पान

त्या सकाळी तत्त्वज्ञानाच्या बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. वर्गातल्या प्रत्येक मुलापुढे त्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तिका होती. पाठकोरी पानं, कोपऱ्यात पिना आणि चक्क फुकट. नेमलेलं पुस्तक इतकं महाग की मुलं ते ग्रंथालयाच्या काचेआडूनच बघायची आणि परीक्षेला कुणाच्या तरी टिपणांवर भागवायची. बाईंनी वर्षभर रविवार मोडून ही पुस्तिका उभी केली होती.

अडचण एकच, विभागप्रमुख. फुकट मिळालं की मुलं त्याची किंमत ठेवत नाहीत, हे सरांचं ठाम मत. आज ते तास बघायला येणार होते. पुस्तिका पसंत पडली तर पुढेही तीच चालणार, नाहीतर महागडं पुस्तक परत आणि बाईंची मेहनत पाण्यात.

सर आले, मागच्या बाकावर बसले, चष्मा पुसू लागले.

"पान बारा काढा," बाई उत्साहाने म्हणाल्या.

"मॅडम, अकरानंतर एकदम तेराच आहे."

बाईंना एकदम आठवलं. छपाईला देण्याआधी शेवटचा हात फिरवायला म्हणून त्यांनी ते पान गठ्ठ्यातून काढलं होतं. त्यांची ही जुनीच खोड. चांगलं वाक्यही त्यांना चैन पडू देत नसे. पान स्वयंपाकघरात फळांच्या टोपलीखाली राहिलं होतं, आणि धड्याचा मूळ मुद्दा नेमका त्यावरच होता. पान तेरावर नुसते आक्षेप.

टेबलाआड फोन धरून त्यांनी नवऱ्याला निरोप पाठवला: टोपलीखालचं पान, झेरॉक्स काढून, धावत.

"मुद्दा माझ्या घरी राहिलाय," त्यांनी वर्गाला सांगून टाकलं. "आक्षेप मात्र आलेत. ते वाचा आणि ही मंडळी कशावर एवढी चिडलीत ते शोधा."

एका मुलीने वाचलं, "ज्याला कधी कळणारच नाही, त्याची फसवणूक होते कशी?"

"आजोबांचा हट्ट नातवंडांनी किती पिढ्या चालवायचा?" दुसरीने पुढचा आक्षेप वाचला.

"कुणीतरी वारलेलं आहे," पहिली म्हणाली.

"आणि त्याला कुणीतरी शब्द दिलाय," वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, ज्याला सगळे उंट म्हणत, सावरून बसला. "माणूस गेला तरी शब्द पाळायचा, असं म्हणणं असणार. पण का?"

त्या 'का'वरून वर्गात जी जुंपली! पुस्तिका स्वतःची असल्यामुळे मुलं बिनधास्त समासात लिहीत होती, खोडत होती, शेजाऱ्याच्या पानावरही बाण काढत होती. बाईंना आनंदाने काय करू नि काय नको झालं.

"एक मिनिट," मागून आवाज आला. सरांचा हात वर होता. "शब्द गेलेल्याला दिलेला असला, तरी राखायचा स्वतःसाठी. त्याचं काय?"

"सर, मग ते वचन कसलं? ती तर आपलीच समजूत," उंट म्हणाला.

सर बाकावरून उठून उभेच राहिले. शेजारच्या मुलीची पेन्सिल न विचारता उचलून त्यांनी तिच्याच पुस्तिकेच्या समासात काहीतरी खरडलं.

इतक्यात दारात बाईंचा नवरा उगवला, घामाघूम, हातात गरम झेरॉक्सचा गठ्ठा. बाई घाईने पुढे झाल्या.

"कसले कागद?" सरांनी विचारलं.

"बारावं पान," नवरा धापा टाकत म्हणाला.

"आत आणू नका. आमचं अजून ठरायचंय." सर पुन्हा उंटाकडे वळले, आणि वळता वळता बाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षी छापाल, तेव्हाही ते घरीच राहू द्या."